रात्रीची नोंदवही: माझी सवय कशी टिकली

सलग तीन वर्षे मी १ जानेवारीला नवी दैनंदिनी सुरू केली आणि प्रत्येक वेळी महिनाअखेरपर्यंत ती कोरी पडू लागली. अंथरुणावर पडल्यावर लिहायचे, असा माझा नेम होता. पण त्या वेळेस डोळे मिटत असत आणि दिवस आठवण्याइतके त्राण उरत नसे.

मग मी वेळ बदलली. रात्रीची जेवणे होऊन ओटा पुसून झाला की तिथेच, स्वयंपाकघरातील टेबलावर, साधी शंभर पानी वही उघडायची आणि दहा मिनिटे लिहायचे. रोज हातून होणाऱ्या कामाला लेखन जोडल्यामुळे वेगळी आठवण ठेवावी लागली नाही. एखादा दिवस चुकला तर मागची पाने भरत बसायचे नाही, हेही ठरवून टाकले.

खरा फरक मात्र प्रश्नामुळे पडला. पूर्वी मी दिवसभरात काय घडले ते लिहीत असे आणि त्यातून केवळ तक्रारींची यादी तयार होई. आता मी काय केले, कोणाशी कसे बोललो आणि तसे का बोललो, हे लिहितो. आईच्या औषधांवरून चिडलो होतो त्या रात्री कारण लिहिता लिहिता लक्षात आले की राग तिच्यावर नव्हताच, तो कार्यालयातून सोबत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

शेवटच्या दोन ओळींत उद्याची कामे टिपतो, त्यामुळे झोपही लवकर लागते.