विदर्भातल्या उन्हाळ्यात व्हीआर हेडसेट जास्त वेळ कसा वापरावा

व्हीआर हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जग पाहायचे यंत्र. त्यांपैकी मेटा क्वेस्ट २ चे वजन ५०३ ग्रॅम, तर क्वेस्ट ३ चे ५१५ ग्रॅम आहे. हे वजन फार नाही. मात्र जवळजवळ सगळे डोळ्यांपुढे लोंबत असल्यामुळे थोड्याच वेळात गालांवर वळ उठतात आणि मान भरून येते. म्हणून सुरुवात पट्ट्यापासून करावी. मागचा पट्टा डोक्याच्या मागील उंचवट्याखाली बसवावा, भार वरच्या पट्ट्यावर घ्यावा आणि बाजूचे पट्टे हेडसेट हलणार नाही इतकेच आवळावेत. एवढ्याने भागले नाही, तर मागे छोटी पॉवर बँक बांधून तिची केबल हेडसेटला जोडावी. एकूण वजन वाढते, पण तोल साधतो. शिवाय लाइन गेली तरी चार्जिंगची चिंता राहत नाही.

नंतर भिंगांमधील अंतर जुळवावे. आरशासमोर मिलिमीटरची पट्टी धरून दोन्ही बाहुल्यांच्या मध्यांमधील अंतर मोजावे. प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत, त्यांतली सर्वांत जवळची निवडावी.

उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली भरदुपारी हेडसेट लावूच नये. पहाट किंवा रात्र बरी. कूलर एका बाजूला ठेवावा आणि खिडकी उघडी असावी, कारण कोंडलेल्या दमट हवेत घाम वाळत नाही. वारा एकाच दिशेने येत राहिला, की आपले तोंड कुठे आहे याचाही अंदाज राहतो. भिंगे कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसावीत. खांद्यावरच्या दुपट्ट्यातली धूळ त्यांवर ओरखडे पाडते. हेडसेट सपरीत उन्हाकडे भिंगे करून ठेवल्यास आतला पडदा काही मिनिटांतच जळू शकतो.

मळमळ हा सर्वांत अवघड भाग आहे. डोळ्यांना आपण चालत असल्याचे दिसते, तर आतील कान शरीर स्थिर असल्याचे सांगतो, आणि या विसंगतीतून त्रास सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीला एका जागी उभे राहून खेळायचे खेळ घ्यावेत, तसेच चालण्याऐवजी ‘टेलिपोर्ट’ (एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी पोहोचणे) आणि सलग वळण्याऐवजी टप्प्याटप्प्याने वळण्याचा पर्याय निवडावा. तोंडाला पाणी सुटले किंवा थंड घाम आला, की त्याच क्षणी थांबावे. सवय होईल म्हणून रेटत राहिल्यास त्रास वाढतो. एरवीही दर अर्ध्या तासाने दहा-पंधरा मिनिटे हेडसेट काढून लांबवर पाहावे. काढल्यानंतर डोके ठिकाणावर येईपर्यंत मोटरसायकल काढू नये, रात्रीच्या ओलितासाठी अंधारात शेतावर जायचे असेल तर मुळीच नाही.