खाडीतल्या जिताड्यासाठी रॉड, रील आणि ल्युर: काय घ्यायचं आणि कसं टिकवायचं

यूट्यूबवर बास फिशिंगचे व्हिडिओ बघून ऑनलाइन सामान मागवणारे नवी मुंबईत आता बरेच झालेत, आणि त्यातल्या खूप जणांचं सामान पहिल्याच पावसाळ्यानंतर बाल्कनीत गंजत पडलेलं असतं. त्या व्हिडिओतला लार्जमाउथ बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, तळ्यात राहणारा, आणि आपण उभे असतो बेलापूर नाहीतर घोडबंदरच्या खाऱ्या गढूळ पाण्यासमोर, मागे कांदळवन, पुढे गाळ. आपल्याकडचा बास म्हणजे जिताडा. एशियन सी बास, ऑस्ट्रेलियावाले ज्याला बॅरामंडी म्हणतात तोच. बाससाठी बनवलेलं बरंचसं सामान याला चालतं, पण जसंच्या तसं नाही. लार्जमाउथचा जागतिक रेकॉर्ड २२ पाउंड ४ औंस आहे, म्हणजे साधारण दहा किलो, १९३२ साली जॉर्जियात झालेला आणि २००९ ला जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली. जिताडा त्याच्या कितीतरी पुढे वाढतो, वर खारं पाणी आणि मुळांच्या जाळ्यात घुसायची सवय. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की पैसे आधी लाइन, लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा) आणि हुकांवर घाला, मग रॉडवर, आणि रीलवर सगळ्यात शेवटी. दुकानात सगळे नेमकं उलटं करतात.

आधी रॉड. सात फुटी, दोन तुकड्यांचा, मिडियम हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन, हे डोळे झाकून घ्या. पॉवर म्हणजे रॉडमध्ये ताकद किती आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो, फास्ट असला की फक्त टोकाकडून वाकतो आणि हूक बसवताना झटका थेट पोचतो. जेट्टीवरून लांब फेकायचं असेल तर आठ फूट चालेल, पण मागे झाडं असली की तोच आठ फूट नको होतो. दोन तुकड्यांचा अशासाठी की ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत किंवा ॲक्टिव्हावर साडेतीन फुटांची पिशवी नेता येते. टेलिस्कोपिक रॉड स्वस्त आणि छोटा दिसतो म्हणून लोक घेतात, पण त्याच्या प्रत्येक सांध्यात रेती आणि मीठ जाऊन बसतं, खाडीसाठी नकोच तो.

हँडलच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा, ल्युर (खोटं आमिष) किती ग्रॅम आणि लाइन किती पाउंड, म्हणजे किती ताण झेलणारी. १०-३० ग्रॅम असं काहीतरी हवंय. पूर्ण कार्बनचा रॉड हलका आणि संवेदनशील असतो पण जेट्टीच्या कठड्यावर आपटला की बारीक तडा जातो आणि तो नंतर मासा लागल्यावर कळतो, फायबर ग्लास जड पण दणकट. पहिला रॉड दोन्ही मिसळलेला घ्या. दुकानात रॉड जोडून एका डोळ्याने टोकापर्यंत बघा, सगळे गाइड, म्हणजे लाइन ज्यातून जाते त्या कड्या, एका रेषेत पाहिजेत, आणि प्रत्येक गाइडच्या रिंगमधून कापूस फिरवून बघा, कुठे धागा अडकला तर रिंग चिरलेली आहे, ती रिंग तुमची लाइन कापणार. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. अजून एक, कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे हायटेन्शनच्या तारांखाली रॉड उभा करायचा नाही, आणि मे अखेरीला वीज कडकडायला लागली की गुंडाळून घरी.

रील म्हणाल तर स्पिनिंग रील, ३००० ते ४००० साइज. कंपनी बदलली की त्या नंबराचा अर्थ थोडा बदलतो, म्हणून नंबरापेक्षा किती लाइन बसते ते बघा, २० पाउंडची ब्रेडेड (विणलेली) लाइन दीड-दोनशे मीटर बसली की पुष्कळ. "१२ बेअरिंग" वगैरे बॉक्सवर मोठ्ठं छापलेलं असतं त्याला भुलू नका, खाऱ्या पाण्यात स्वस्तातली जास्तीची बेअरिंग म्हणजे गंजायला जास्तीच्या जागा. त्यापेक्षा हँडल पकडून मागेपुढे हलवा, खेळ आहे का बघा, आणि बेलच्या, म्हणजे लाइन गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीच्या, टोकाला जो छोटा लाइन रोलर असतो तो बोटाने मोकळा फिरतोय का ते बघा. रोलर अडला की लाइनला पीळ पडतो, मग गाठी, मग शिव्या. बेटकास्टर रीलने मुळांच्या अगदी जवळ अचूक ल्युर टाकता येतो हे खरंय, पण संध्याकाळी खाडीवर समोरून वारा आणि हातात हलका ल्युर असला की स्पूलवर, म्हणजे लाइनच्या चकरीवर, गुंता होऊन चिमणीचं घरटं होतं, त्यामुळे ती दुसरी रील म्हणून घ्या. रॉड-रील मिळून पाच-सहा हजारात सुरुवातीचं व्यवस्थित काम भागतं.

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, मासा ठरावीक ताकदीने ओढायला लागला की लाइन सोडणारा. तो किती लावायचा हे कोणी नीट सांगत नाही. नियम असा की लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. २० पाउंड म्हणजे नऊ किलो, म्हणजे ड्रॅग सव्वादोन ते तीन किलोला सुटायला हवा. प्रवासाची बॅग मोजायचा हुकवाला डिजिटल काटा घरात असतोच, लाइन त्याला बांधा, रॉड थोडा वाकवून ओढा, कुठल्या आकड्यावर लाइन सुटते ते बघून नॉब फिरवा. अंदाजाने घट्ट केलेला ड्रॅग आणि जिताड्याची पहिली धाव, यात लाइन तरी जाते नाहीतर हूक सरळ होतो.

आता लाइन. मोकळ्या पाण्यात २० पाउंड ब्रेडेड, कांदळवनाजवळ ३०. स्पूलवर आधी थोडी साधी मोनो (एकाच धाग्याची नायलॉन) लाइन गुंडाळा आणि मग ब्रेडेड, नाहीतर ब्रेडेड गुळगुळीत स्पूलवर अख्खीच्या अख्खी घसरते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग बिघडला. स्पूलच्या काठापासून दोनेक मिलिमीटर खाली थांबायचं. पुढे दोन-तीन फूट लीडर, ४० पाउंडचा जाड मोनो किंवा फ्लोरोकार्बन, आणि इथे कंजुषी नको, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला करवतीसारखी धार असते आणि तोंडाच्या आतही खरखरीत, बारीक ब्रेडेड तिथे घासली की संपली. म्हणूनच त्याला पकडताना कल्ल्यात बोटं घालायची नाहीत, लिप ग्रिप (जबडा धरायचा चिमटा) आणि लांब पकड पिशवीत ठेवायचीच. लाइन आणि लीडर जोडायला एफजी गाठ उत्तम, गाइडमधून सुळकन जाते. ती जमेपर्यंत डबल युनी बांधा. गाठ आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाने लीडर तिथेच कमजोर होतो. आणि दर वेळी मासा सुटला किंवा मुळात अडकून निघाला की लीडरवरून बोट फिरवा, खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून परत बांधा.

ल्युरमध्ये लोक सगळ्यात जास्त पैसे उडवतात. आपलं पाणी गढूळ आहे हे लक्षात ठेवून निवडायचं, इथे मासा लांबून बघून येत नाही, त्याला हालचाल जाणवायला लागते. म्हणून शेपटी हलणारे रबरी मासे, तीन-चार इंची, ७ ते १४ ग्रॅमच्या जिग हेडवर (वजनदार डोक्याचा हूक), ही पहिली खरेदी. खाडीत तो खातो काय, तर बोईट, कोळंबी, असलंच सगळं, त्यामुळे एक पाकीट कोळंबीच्या आकाराचंही घ्या. कांदळवनाच्या कडेला उघडा हूक दर फेकीला अडकणार, तिथे टोक रबरात लपवायचा वीडलेस हूक लावा. दुसरी खरेदी म्हणजे ९ ते १२ सेंटीमीटरचा कडक मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा ल्युर), मीटरभर खोल जाणारा, शक्यतो थांबवला की पाण्यात जागेवर तरंगत राहणारा. तिसरा एखादा पॉपर, पाण्यावर आवाज करत चालणारा ल्युर, पहाटे आणि तिन्हीसांजेला पाणी शांत असताना. बस, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. रंगाचं फार डोकं लावू नका, गढूळ पाण्यात पांढरा, पोपटी पिवळा आणि सोनेरी, आणि अंधार पडताना काळपट, कारण वरच्या उजेडावर काळी आकृती ठळक दिसते.

चालवायची पद्धत सांगतो, कारण चांगला ल्युर घेऊन लोक तो मिक्सरसारखा ओढत बसतात. दोन झटके, मग थांबा. खरंच थांबा, दोन-तीन सेकंद. जिताडा मोठं तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, पृष्ठभागावर त्याचा टप्प असा आवाजही येतो, आणि बऱ्याचदा तो थांबलेल्या ल्युरवरच येतो.

बाससाठीच्या मिनोवर येणारे तिहेरी हूक पातळ असतात, ते जिताडा वाकवतो, म्हणून जाड तारेचे हूक आणि जाड स्प्लिट रिंग (हूक अडकवायची कडी) बदलून लावा. पण हूक जड झाला की तरंगणारा ल्युर बुडायला लागतो, तर आधी बादलीत टाकून बघा. मी तर तिहेरी काढून एकेरी हूक लावतो, अडकतो कमी आणि मासा सोडायला सोपा. सोडायचं कारण पण आहे, जिताडा लहानपणी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठ्या धुडातली जवळपास सगळी मादीच. मधल्या साइजचा एखादा घरी न्या, कालवण करा, कोण नाही म्हणतंय.

कधी जायचं याचा जुना हिशोब म्हणजे तिथी गुणिले पाऊण. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि खाडीत आत ऐरोली-कळव्याकडे त्याहून थोडी उशिरा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी जोरात पळतं, जड जिग हेड लावा, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असताना, हलकं चालतं. जेट्टीवर एखाद्या कोळी काकांना "काका, लागतंय का काही?" विचारलंत तर उत्तर ठरलेलं, "उभ्या पान्यात काय लागनार रं, पानी चालू दे." खरंय ते. त्यांच्या जाळ्यांच्या आसपास फेकायचं मात्र नाही. आणि ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ पासून, २०२२ ला रामसर यादीतही गेलंय, त्या हद्दीत गळ टाकायला जाऊ नका. ठाण्यातल्या तलावांवर पण मासेमारीचा ठेका असू शकतो, विचारून बसा. गाळात उतरून अडकलेला ल्युर काढायचा शहाणपणा करू नका, भरती तुमची वाट बघत नाही. लाइन हाताला गुंडाळून ओढायची नाही, ब्रेडेड बोट कापते, काठीला गुंडाळा आणि सरळ रेषेत मागे चालत जा.

आता घरी आल्यावरचं, ज्याला सगळे कंटाळतात. त्याच रात्री धुवायचं, उद्या नाही, कारण पाणी वाळलं की मिठाचे खडे होतात आणि ते रोलरमध्ये, बेलच्या सांध्यात जाऊन बसतात. रीलचा ड्रॅग आधी पूर्ण घट्ट करा म्हणजे वॉशरमध्ये पाणी शिरत नाही, मग मोरबे धरणाच्या गोड्या पाण्याखाली, नळाच्या हलक्या धारेत, हँडल खाली ठेवून मिनिटभर. हेल्थ फॉसेटचा जोरदार फवारा मारू नका, तो मीठ बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतो. रील बादलीत बुडवायचीही नाही. झटकून, पुसून, सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, घट्ट राहिला तर वॉशर दबून चिकटतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग झटके देत सुटतो.

महिन्यातून एकदा लाइन रोलर, बेलचा सांधा आणि हँडलचा नॉब इथे रीलच्या तेलाचा एकेक थेंब. एकच. गिअरला ग्रीस लागतं, तेल नाही. गंज सोडवायचा स्प्रे वंगण म्हणून आत मारू नका, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. वर्षातून एकदा, शक्यतो जून आधी, रील उघडून जुनं काळं ग्रीस पुसून नवीन भरा, आणि उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढत जा, स्प्रिंग उडतात. अँटी रिव्हर्सच्या क्लचला ग्रीस लागू देऊ नका, लागलं की हँडल उलटं फिरायला लागतं.

रॉड ओल्या फडक्याने पुसायचा, गाइडच्या पायाशी जुन्या टूथब्रशने घासायचं, तिथे हिरवट गंज सुरू होतो. सांध्याला मेणबत्तीचं मेण हलकंसं घासलं की जोड घट्ट बसतो आणि अडकत नाही. ओला रॉड कापडी पिशवीत बंद करून ठेवला तर पावसाळ्यात कॉर्कवर बुरशी येणार म्हणजे येणारच. उभा ठेवा, भिंतीला तिरका टेकवून नाही, आणि उन्हात पार्क केलेल्या गाडीत तर नाहीच.

वापरलेले ल्युर कोरड्या ल्युरच्या डब्यात परत टाकू नका, एक ओला हूक अख्ख्या डब्याला गंज लावतो. वेगळ्या डबीत आणा, धुवा, वाळवा, मग आत. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, डब्यात टाका. रबरी मासे त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा, वेगवेगळ्या कंपन्यांचे एकत्र ठेवले की काही एकमेकांना वितळवतात आणि कडक ल्युरचा रंगही खातात. हुकाचं टोक नखावर टेकवून हलकं सरकवा, रुतलं तर धारदार, घसरलं तर बारीक कानसेने टोकाच्या दिशेने दोन-तीन हात मारा, आणि गंजलेला असेल तर घासत बसू नका, बदला. ब्रेडेड लाइन एक सीझन झाला की उलटी गुंडाळून घ्या, आतला न वापरलेला भाग वर येतो आणि नवीन लाइनचे पैसे वर्षभर लांबतात.