पाळीची नोंद कशी ठेवायची आणि ती हार्टच्या तपासणीला कशी वापरायची

माझ्या मोठ्या बहिणीची पाळी कॉलेजपासून कधी ४० दिवसांनी तर कधी ६० दिवसांनी यायची. घरातल्या बायका म्हणायच्या लग्न झालं की लाईनीवर येईल, लग्नानंतर म्हणाल्या एक मूल झालं की येईल, मग कोणी काही म्हणायचंच बंद झालं. ४१ व्या वर्षी डोकं फार दुखतं म्हणून ती दवाखान्यात गेली तर बीपी १७०/१०४ आणि शुगरपण वाढलेली. त्या डॉक्टरांनी मीठ विचारलं, टेन्शन विचारलं, आईवडिलांचं बीपी विचारलं, पण पाळीचं एका शब्दाने विचारलं नाही. आणि ज्या डॉक्टरबाईंकडे ती पाळीसाठी वर्षानुवर्षं जात होती तिथे तिच्या दंडाला बीपीचा पट्टा कधी लागला नव्हता. दोन्हीकडे माहिती अर्धी अर्धी होती आणि ती जोडणारी फक्त ती एकटीच होती, पण तिला कोणी तसं सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय, की पाळी आणि बीपी-शुगर-हार्ट हे जोडायचं काम आपण स्वतः कसं करायचं.

आधी नोंद, आणि ती नीट मोजून

ॲप वापरा, वही वापरा, नाहीतर कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी एक टिंब काढा, काहीही चालेल. पण मोजण्यात बऱ्याच जणी चुकतात. पाळी संपल्यापासून पुढची येईपर्यंतचे दिवस मोजतात, तसं नाही. पॅड लावावं लागेल इतका रक्तस्राव ज्या दिवशी सुरू झाला तो पहिला दिवस (नुसता डाग दिसला तो धरायचा नाही), आणि तिथून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. म्हणजे ३ मार्चला आली आणि पुढची ३१ मार्चला आली तर तुमचं चक्र २८ दिवसांचं.

सोबत अजून थोडंसं लिहा. किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड लागले, गाठी पडल्या का, मधेच डाग दिसले का, त्या महिन्यात कुठल्या गोळ्या घेतल्या. आणि धडधड, जिना चढताना दम लागणं असं काही झालं तर तेही त्याच तारखेसमोर. हे सहा महिने केलं की चित्र दिसायला लागतं, आठवणीवर विसंबू नका, "महिन्याच्या महिन्याला येते" म्हणणारीच्या तारखा कागदावर मांडल्या की बऱ्याचदा वेगळंच निघतं.

साधारण २४ ते ३८ दिवसांनी येणारी पाळी नॉर्मल धरतात. २८ दिवसच हवेत असं काही नाही, ती भीती आधी काढून टाका. ३३ दिवसांनी येते पण दरवेळी साधारण ३३ दिवसांनीच येते तर ठीकच आहे. पण एक चक्र २६ चं, एक ३९ चं, मग ३० चं, म्हणजे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्यात ८-९ दिवसांपेक्षा जास्त फरक, त्याला अनियमित म्हणायचं. वयात आल्यावरची पहिली दोनतीन वर्षं आणि पाळी जायच्या आधीची काही वर्षं असं होतंच, त्याला वेगळं धरा.

मग मागचं सगळं एका कागदावर

हा कागद एकदाच करायचा आहे, अर्धा तास काढा आणि आई असेल तर तिला शेजारी बसवा. पहिली पाळी कितव्या वर्षी आली. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, शुगर निघाली होती का, दिवस भरायच्या आधी बाळ झालं का. इथे बायका हमखास म्हणतात, "हो वाढलं होतं, पण डिलिव्हरीनंतर नॉर्मल झालं." नॉर्मल झालं तरी लिहायचं! गरोदरपणात बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढे हृदयविकार व्हायची शक्यता साधारण दुप्पट असते, आणि गरोदरपणातली शुगर गेली तरी नंतर डायबिटीस व्हायचा धोका राहतोच.

पाळी कितव्या वर्षी गेली तेही लिहा. आपल्याकडे साधारण ४६-४७ च्या आसपास जाते. ४५ च्या आत गेली असेल तर ते लवकर, आणि ४० च्या आत गेली असेल तर त्या ओळीखाली रेघ मारा, कारण कोलेस्टेरॉलची गोळी द्यायची की नाही हे ठरवताना बघायच्या गोष्टींमध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे, आणि प्रीएक्लॅम्प्सियापण.

पिशवी काढली असेल तर नुसतं "ऑपरेशन झालं" लिहू नका, अंडाशयं ठेवली की तीही काढली ते डिस्चार्ज कार्डवर बघून लिहा. अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन एका दिवसात तुटतं. हे हार्मोन असेपर्यंत रक्तवाहिन्या लवचिक राहायला मदत होते, वाईट कोलेस्टेरॉल आटोक्यात राहतं, ते गेलं की हे वाईट कोलेस्टेरॉल (एलडीएल) वाढायला लागतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण आलं, सरकारने चौकशी समितीपण नेमली, तेव्हा चर्चा झाली ती पिशवीची. पण तिशीत हे ऑपरेशन झालेल्या बाईचं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल पुढे दरवर्षी कोण बघणार हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय. तुमच्या ओळखीत, घरी कामाला येणाऱ्या ताईंमध्ये, गावाकडे अशी कोणी असेल तर तिला एवढं तरी सांगा.

शेवटी घरातलं. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हार्टचा त्रास झाला असेल तर ते लिहा.

आता पॅटर्न वाचायचा

पाळी लांबतेय, हनुवटीवर जाड केस, मानेच्या मागे घासूनही न जाणारा काळपटपणा, पोटाभोवती वजन, हे एकत्र असेल तर पीसीओडी तपासून घ्या. यात बऱ्याच जणींच्या शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नाही, मग शरीर ते अजून जास्त बनवतं, जास्तीच्या इन्सुलिनने अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतात आणि अंडं वेळेवर सुटत नाही. म्हणून पाळी लांबते. आणि तेच इन्सुलिनचं बिघडलेलं गणित शुगर, बीपी, चरबी वाढवतं. अमेरिकेत हजारो नर्सेसचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला त्यातही अनियमित आणि लांब चक्र असलेल्या बायकांमध्ये हृदयविकार जास्त दिसला. याचा अर्थ पाळी चुकली की अटॅक येणार असा अजिबात नाही, अर्थ एवढाच की तुम्हाला तपासणीची खूण इतरांपेक्षा लवकर मिळाली आहे. सलग तीन महिने आली नाही तर मात्र थांबू नका (आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा).

अंगावर खूप जात असेल, म्हणजे तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी, आठ दिवसांच्या वर चाललंय, तर हिमोग्लोबिन बघा. १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना तो होता, म्हणून थकवा हा बाईचा स्वभावच असल्यासारखं सगळे वागतात. रक्त कमी असलं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त जोरात धावावं लागतं, धडधड होते ती त्यामुळे. सोबत थायरॉइडची टीएसएच करा, थायरॉइड कमी असेल तर पाळीपण बिघडते आणि कोलेस्टेरॉलपण वाढतं.

तपासण्या

बीपी, उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), हिमोग्लोबिन, टीएसएच. एवढंच. हजारोंची पॅकेजेस घ्यायची गरज नाही, यातलं बरंचसं सरकारी दवाखान्यात होतं. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून डायबिटीस.

बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसा, अर्धा तास आधी चहा नको, पाठ टेकलेली, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पट्टा ब्लाउजच्या बाहीवर नाही, उघड्या दंडावर. मोजताना गप्पा नाही.

कमरेचा घेर घरीच. परकराच्या नाडीवर आणि निऱ्यांवरून टेप लावू नका, खरं माप येत नाही. नाडी सैल करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर वजन काट्यावर नॉर्मल असलं तरी शुगर-बीपीकडे लक्ष हवं.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं

फिजिशियनसमोर पाळीचं काढायला लाज वाटते हे मला माहितीये, त्यात नवरा किंवा सासू सोबत असते. म्हणून कागद. तो टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "डॉक्टर, माझी पाळी अनेक वर्षं अनियमित आहे, गरोदरपणात बीपी होतं, हे धरून माझ्या हार्टचा धोका बघाल का?" आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलात की, "माझं बीपी बघता का." बस.

गोळ्या चालू असतील तर नक्की सांगा. गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला येणारी पाळी ही गोळीमुळे येते, तुमचा मूळचा पॅटर्न त्यात दिसत नाही, आणि काहींचं बीपी त्यांनी वाढतं. गौरी-गणपतीला, घरच्या पूजेला पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणतात, ते करू नका. पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, मायग्रेन असेल, बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि मशेरी लावत असाल तर तेही सांगा, मशेरी म्हणजे तंबाखूच, दात घासायची म्हणून ती वेगळी होत नाही.

हे लगेच, कागदबिगद राहू द्या

छातीत दाब, जबडा, पाठ किंवा खांदा दुखणं, थंड घाम, मळमळ, कधी नव्हे इतका थकवा, बसल्या जागी दम. ही हार्ट अटॅकची लक्षणं असू शकतात. अटॅकमध्ये बायकांनाही छातीत दुखतंच, पण सोबत हे बाकीचं जास्त असतं आणि मग घरात "पित्त झालंय, सोडा घे" सुरू होतं. १०८ ला फोन करा, स्वतः रिक्षाने जाऊ नका, आणि तिथे पोचल्यावर कोणी ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवत असेल तर आधी ईसीजी काढा म्हणून अडून बसा.