बॅक्लोफेन सुरू झाली आहे? गोळी घरी सांभाळून कशी द्यावी

पक्षाघात, मणक्याची इजा, मल्टिपल स्क्लेरॉसिस किंवा सेरेब्रल पाल्सी झालेल्या माणसाचे हातपाय आखडतात, रात्री पायांना झटके येतात. त्यासाठी डॉक्टर अनेकदा बॅक्लोफेन लिहून देतात. मज्जारज्जूवर काम करून ती स्नायूंचा ताण उतरवते. गोळी उपयोगी आहे, पण ती मनाने वाढवायची नाही आणि मनाने बंद तर मुळीच करायची नाही.

१. आधी किडनीचे सांगा. हे औषध बहुतांशी लघवीवाटेच शरीराबाहेर जाते. किडनी कमजोर असेल तर ते साठत जाते आणि माणूस गुंगीत जातो, बरळू लागतो. डायलिसिसवरच्या रुग्णाला तर थोडासा डोसही बाधू शकतो. म्हणून क्रिएटिनिनचा (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्ट सोबत न्या. फिट्स, गरोदरपण, झोपेच्या, बीपीच्या किंवा ट्रामाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, यांतले काहीही लपवू नका.

२. हळूहळू चढा. मोठ्या माणसाला साधारणपणे ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी सुरुवात होते. मग काही दिवसांच्या अंतराने डॉक्टर डोस वाढवतात. बहुतेकांना दिवसाला ८० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. वयस्कर माणसांत याहून सावकाश जातात. बाजारात १० आणि २५ मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, तेव्हा प्रत्येक नवीन स्ट्रिपवरचा आकडा वाचूनच मेडिकलमधून निघा. मळमळ होत असेल तर जेवणानंतर किंवा दुधासोबत द्या.

३. पाय फार सैल पडत नाहीत ना, पाहा. हे अनेकांच्या लक्षात येत नाही: काही रुग्ण त्या ताठरपणाच्याच आधाराने उभे राहतात. तो पूर्ण गेला तर पाय लटपटतात आणि माणूस पडतो. झोप, उठणे-बसणे, चालणे यांत काय बदल झाला ते वहीत लिहा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. माझ्या मते योग्य डोस या वहीतूनच ठरतो. सुरुवातीला सुस्ती येते, चक्कर येते. तोवर गाडी चालवू देऊ नका, रात्री संडासला जाताना सोबत राहा. दारू पूर्ण बंद.

४. ताठरपणा अचानक वाढला तर आधी कारण शोधा. लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेला कॅथेटर (लघवीची नळी), बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम, मांसात रुतलेले नख, घट्ट बूट, यांतल्या कशानेही स्नायू आखडतात. कारण दूर झाले की अनेकदा डोस वाढवावा लागत नाही. बॅक्लोफेनऐवजी टिझॅनिडिन (ताठरपणावरचेच दुसरे औषध) चालू असेल तर लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊ नका. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो.

५. गोळी एकाएकी बंद पडू देऊ नका. सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. बरेच दिवस चाललेली बॅक्लोफेन अचानक थांबली तर ताठरपणा उसळून येतो, भास होतात, ताप चढतो, फिट्स येतात; क्वचित जिवावर बेतते. आणि ती थांबते बहुधा साध्या कारणांनी: गावी जाताना डबा घरीच राहिला, मेडिकलमध्ये माल नव्हता, किंवा ‘आता बरे आहे’ म्हणून घरच्यांनीच सोडली. निदान आठवडाभराच्या गोळ्या नेहमी शिल्लक ठेवा आणि प्रवासात त्या हातातल्या पिशवीत घ्या. ऑपरेशनसाठी उपाशी राहायचे असेल किंवा उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

एखादी वेळ चुकली तर आठवताच द्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम नकोत. माणूस हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास मंद वाटत असेल, भास किंवा फिट आली, तर १०८ला फोन करा आणि स्ट्रिप सोबत घेऊनच दवाखाना गाठा. औषध खरोखर बंद करायचे ठरले, तर डॉक्टर ते एक-दोन आठवड्यांत किंवा त्याहूनही सावकाश उतरवत आणतात. तो उतरता डोस तारखांसह कागदावर लिहून घ्या.