लिनक्सवर मॉनिटर अचानक मंद दिसू लागला तर दोष कोठे शोधावा

मॉनिटर मंद दिसू लागला की आपण आधी त्याची बटणे दाबून पाहतो, मग डेस्कटॉपवरील ब्राइटनेसची पट्टी सरकवतो आणि त्यानेही फरक पडला नाही की पडदा जुना झाला असावा असे मानून नव्या खरेदीचा विचार करू लागतो. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवणे आवश्यक आहे : पडद्यामागच्या दिव्यांचा प्रकाश कमी झाला आहे, की संगणकाकडून येणारे चित्रच काळपट होऊन येत आहे? डोळ्यांना दोन्ही सारखेच भासते. मात्र दिव्यांचा प्रकाश मॉनिटरमधील यंत्रणा ठरवते आणि चित्रातील रंगांची मूल्ये ग्राफिक्स कार्डातील गॅमा तक्त्यातून, म्हणजे कोणते मूल्य किती उजळ दाखवायचे हे ठरवणाऱ्या कोष्टकातून, जाताना बदलतात, त्यामुळे एका जागचा दोष दुसऱ्या जागी झाकायला गेल्यास मूळ दोष तसाच राहतो आणि चित्रही बिघडते.

हे उत्तर मिळवण्याची सर्वांत सोपी रीत मॉनिटरच्या बटणातच आहे. बटण दाबून मॉनिटरचा स्वतःचा मेनू पडद्यावर आणावा. हा मेनू संगणकाकडून येत नाही. मॉनिटरमधील चिप तो आलेल्या चित्रावर रेखाटते. मेनूतील पांढरी अक्षरे नेहमीसारखी लख्ख असतील आणि भोवतालचे चित्र मात्र मंद असेल, तर दिवे ठीक आहेत आणि दोष येणाऱ्या संकेतात आहे. मेनूही चित्राइतकाच मंद असेल, तर दिव्यांचा प्रकाशच कमी झालेला आहे. लॅपटॉपला असा मेनू नसतो, म्हणून तेथे संगणक सुरू होताना बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, सेटिंगचा पडदा उघडून पाहावा, कारण त्या वेळी लिनक्स अजून चालू झालेले नसते. तो पडदा उजळ असेल आणि लॉगिननंतर मंद होत असेल, तर कारण लिनक्सच्या बाजूला आहे.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. मदत मागताना अनेक जण मंद पडद्याचा स्क्रीनशॉट पाठवतात, परंतु स्क्रीनशॉट गॅमा तक्त्याच्या अलीकडे घेतला जातो आणि दिव्यांशी तर त्याचा काहीच संबंध नसतो, त्यामुळे तो पाहणाऱ्याला सर्व काही ठीकच दिसते. त्याऐवजी मॉनिटरचा मेनू उघडा ठेवून मोबाइलने छायाचित्र काढावे. त्या एका छायाचित्रावरून निम्मे निदान होते.

दोष संकेतात असल्याचे दिसले, तर प्रथम आपले सत्र एक्स११चे आहे की वेलँडचे, हे पाहावे; लिनक्सवर खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या या दोन प्रणाली आहेत. ग्नोम डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये प्रणालीच्या तपशिलात आणि केडीई डेस्कटॉपच्या माहिती केंद्रात ते लिहिलेले असते. एक्स११ असल्यास टर्मिनलमध्ये एक्सरँडआर ही कमांड व्हर्बोस या पर्यायासह चालवावी. प्रत्येक जोडलेल्या मॉनिटरखाली ब्राइटनेस आणि गॅमा अशा दोन ओळी दिसतात आणि त्यांची स्वाभाविक मूल्ये १.० असतात. ब्राइटनेसपुढे ०.७ किंवा ०.५ असे काही दिसले, तर कोणता तरी प्रोग्रॅम गॅमा तक्ता खाली ओढत आहे हे निश्चित झाले. त्याच कमांडने मूल्य पुन्हा १ करता येते, पण ते कोणी बदलले हे शोधले नाही तर पुढच्या लॉगिनला तोच प्रकार घडेल. लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी, होम फोल्डरातील एक्सप्रोफाइल नावाची लपलेली फाइल आणि पूर्वी कधी तरी लिहून विसरलेली एखादी स्क्रिप्ट, या तीन जागा आधी पाहाव्यात. रात्री पडद्याचा रंग उबदार करणारा रेडशिफ्ट हा प्रोग्रॅम वापरत असल्यास त्याच्या संरचना फाइलमध्ये रात्रीच्या ब्राइटनेसचे मूल्य वेगळे दिलेले असू शकते; पुष्कळांना रेडशिफ्ट केवळ रंगाची ऊब बदलते असे वाटते, परंतु ते उजळपणाही कमी करू शकते. रंगांचे आयसीसी प्रोफाइल, म्हणजे मॉनिटरचे रंग अचूक दिसावेत यासाठीची फाइल, लावलेले असेल, तर त्यातील कॅलिब्रेशनचा तक्ताही याच मार्गाने चित्रावर परिणाम करतो, म्हणून ते तात्पुरते काढून तुलना करावी.

वेलँडवर एक्सरँडआरचे हे मूल्य बदलण्याचा उपयोग होत नाही, कारण तेथे गॅमा तक्ता डेस्कटॉपच्या कंपोझिटरच्या, म्हणजे सर्व खिडक्या एकत्र करून चित्र बनवणाऱ्या भागाच्या, ताब्यात असतो. अशा वेळी रात्रीच्या प्रकाशाची सोय, रंग प्रोफाइल आणि एचडीआर या तीन गोष्टी एकेक करून बंद करून पाहाव्यात. एचडीआरचा, म्हणजे अतितेजस्वी आणि गडद छटा एकाच चित्रात दाखवण्याच्या पद्धतीचा, उल्लेख मुद्दाम केला आहे. केडीईच्या प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये ही सोय २०२४च्या सहाव्या आवृत्तीपासून आणि ग्नोममध्ये २०२५च्या ४८व्या आवृत्तीपासून मिळू लागली. ती सुरू असताना नेहमीच्या खिडक्या, मजकूर आणि संकेतस्थळे मॉनिटरच्या पूर्ण तेजाने दाखवली जात नाहीत. अतितेजस्वी दृश्यांसाठी वर जागा राखून ती खालच्या पातळीवर ठेवली जातात. शिवाय अनेक मॉनिटर एचडीआरमध्ये स्वतःची ब्राइटनेसची पट्टी वापरू देत नाहीत. प्लाझ्माच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये साध्या चित्राच्या उजळपणाची वेगळी पट्टी मिळते. ती वाढवावी, किंवा एचडीआर चित्रपट पाहायचा नसेल तेव्हा ते बंदच ठेवावे. ज्या मॉनिटरचे कमाल तेज मुळातच बेताचे आहे, त्यावर एचडीआर सतत चालू ठेवण्यात मला काहीच लाभ दिसत नाही.

एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरवर आणखी एक दोष आढळतो. दूरचित्रवाणीच्या परंपरेतून आलेल्या मर्यादित श्रेणीत काळा रंग १६ या मूल्याला आणि पांढरा २३५ या मूल्याला धरला जातो, तर संगणकाच्या पूर्ण श्रेणीत हीच टोके ० आणि २५५ असतात. ग्राफिक्स कार्ड मर्यादित श्रेणी पाठवत असेल आणि मॉनिटर पूर्ण श्रेणीची अपेक्षा करत असेल, तर पांढरा रंग करडेपणाकडे झुकतो, काळाही काळा राहत नाही आणि सगळे चित्र धूळ साचल्यासारखे दिसते. इंटेलचा ड्रायव्हर स्वयंचलित निवडीत दूरचित्रवाणीच्या प्रमाणित रिझोल्यूशनांसाठी मर्यादित श्रेणी धरतो, त्यामुळे १०८०पी मॉनिटरवर हे सहज घडते. एक्स११वर एक्सरँडआरच्या मदतीने ब्रॉडकास्ट आरजीबी हा गुणधर्म फुल असा ठरवावा. प्लाझ्मामध्ये वेलँडवर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आरजीबी श्रेणीचा पर्याय मिळतो. दोन्ही नसेल तर मॉनिटरच्या मेनूत काळ्याच्या पातळीचा किंवा श्रेणीचा पर्याय शोधावा.

आता दिव्यांकडे वळू. माझ्या टेबलावर एकाच जातीचे दोन मॉनिटर आहेत आणि एका सकाळी त्यांतील डावीकडचा इतका मंद दिसू लागला की बारीक अक्षरांतील अनुस्वार आणि रफार ओळखता येईनात. केबल बदलून झाली, संगणक पुन्हा सुरू करून झाला, जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडून झाला, तरी काहीच फरक पडेना; शेवटी तो मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडला, तर तेथेही तो तितकाच मंद होता. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाहेरचे मॉनिटर डीडीसी-सीआय या मार्गाने केबलमधूनच ब्राइटनेसचे आदेश स्वीकारतात आणि आलेले मूल्य स्वतःच्या स्मृतीत ठेवतात. केडीईची वीज व्यवस्थापन सेवा याच मार्गाने बाहेरच्या मॉनिटरचा उजळपणा बदलते, आणि काही वेळ काम न झाल्यास पडदा मंद करण्याची सोय सुरू असेल तर तेव्हाही हाच मार्ग वापरला जातो. मंद केल्यानंतर मॉनिटर झोपला किंवा त्याचा स्विच बंद झाला आणि उजळपणा पूर्ववत करण्याचा आदेश त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर ते कमी मूल्य त्याच्या स्मृतीत तसेच राहते. मग संगणक कितीही वेळा सुरू केला तरी उपयोग नाही.

याची तपासणी डीडीसीयूटिल या साधनाने होते. ते बसवल्यावर आयटूसी-डेव्ह हे कर्नल मॉड्यूल चालू असल्याची खात्री करावी आणि परवानगीची अडचण आल्यास स्वतःला आयटूसी या गटात घालून पुन्हा लॉगिन करावे. डिटेक्ट ही उपकमांड सापडलेल्या मॉनिटरांची यादी देते. गेटव्हीसीपी या उपकमांडला १० हा क्रमांक दिल्यास ब्राइटनेसचे सध्याचे व कमाल मूल्य दिसते, १२ दिल्यास कॉन्ट्रास्टचे. सेटव्हीसीपीने ती बदलता येतात. माझ्या डाव्या मॉनिटरने उजव्याच्या तुलनेत निम्म्याहून कमी आकडा दाखवला आणि एका ओळीत प्रश्न सुटला. मॉनिटर यादीत आलाच नाही, तर त्याच्या मेनूत डीडीसी-सीआय बंद आहे का ते पाहावे. काही डॉक आणि अडॅप्टर हे आदेश पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून केबल थेट जोडूनही पाहावी. पुन्हा तसेच घडू नये म्हणून वीज व्यवस्थापनातील निष्क्रियतेनंतर पडदा मंद करण्याचा पर्याय बंद करून फक्त पडदा बंद होण्याची वेळ ठेवावी.

मॉनिटर स्वतःहूनही मंद होतो. वीज वाचवणारी इको स्थिती, खोलीतील उजेड मोजणारा सेन्सर आणि चित्रानुसार दिवे कमी-जास्त करणारा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, हे तिन्ही पर्याय मेनूत बंद करावेत. गडद खिडकी उघडताच सगळा पडदा मंद होत असेल, तर बहुधा तिसरे कारण असते.

लॅपटॉपवर सिस या फोल्डरातील क्लासमध्ये बॅकलाइट (पडद्यामागचे दिवे) नावाचा फोल्डर असतो. त्यातील ब्राइटनेस आणि मॅक्स ब्राइटनेस या फाइलींतील आकड्यांची तुलना करावी. लिनक्सच्या सेवा चालवणारी सिस्टिमडी ही प्रणाली संगणक बंद होताना ब्राइटनेस जतन करते आणि सुरू होताना परत लावते, त्यामुळे बंद करताना पडदा मंद असेल तर सुरू होतानाही मंदच मिळतो. या फोल्डरात दोन वेगवेगळी नियंत्रणे दिसत असतील आणि ब्राइटनेसच्या कळा चुकीचे नियंत्रण हलवत असतील, तर कर्नलला एसीपीआय-बॅकलाइट हा पर्याय नेटिव्ह या मूल्यासह द्यावा. एएमडीच्या लॅपटॉपवर चार्जर काढताच रंग फिके पडत असतील, तर पॅनेलची वीज बचत कारणीभूत असू शकते, वीज वापराचे प्रोफाइल सांभाळणाऱ्या पॉवर-प्रोफाइल्स-डीमन या सेवेच्या ०.२० आवृत्तीपासून ही बचत बॅटरीवर आपोआप सुरू होते, आणि कामगिरीचा प्रोफाइल निवडून ते पडताळता येते.

कारण सापडेपर्यंत एक मोह टाळावा. दिवे मंद असताना एक्सरँडआरचा ब्राइटनेस १.३ किंवा १.५ केला की पडदा उजळल्यासारखा वाटतो, परंतु दिव्यांतून येणारा प्रकाश तेवढाच असतो; केवळ फिक्या छटा पांढऱ्याला जाऊन भिडतात आणि त्यांतील फरक नाहीसा होतो. छायाचित्रांवर काम करणाऱ्याने तर हा उपाय मुळीच वापरू नये.

बायोसचा पडदा मंद, मॉनिटरचा मेनूही मंद आणि सर्व मूल्ये कमाल पातळीवर असतील, तेव्हाच दिवे किंवा त्यांना वीज देणारा भाग खराब झाला असे मानावे. पडदा जवळजवळ काळा झाला असेल, तर खोलीत अंधार करून विजेरी तिरकी धरावी. त्या प्रकाशात चित्र पुसट दिसले, तर पॅनेल अजून चित्र बनवत आहे आणि गेले आहेत ते केवळ दिवे. दुरुस्ती करणाऱ्याला हीच गोष्ट आधी सांगावी, म्हणजे संपूर्ण पॅनेल बदलण्यापूर्वी तो बॅकलाइटची जोडणी तपासून पाहील.