कुडाळात बसून जर्मनीला अप्लाय करताय? आधी नाव बघा

दर वर्षी आंब्याच्या सीझनला दोन-तीन मेसेज येतातच, "दादा जर्मनीला मास्टर्स करायचंय, कुठली युनिव्हर्सिटी चांगली?" माझा उलटा प्रश्न, पासपोर्टवर आणि मार्कशीटवर नाव एकच आहे का? मग पलीकडे शांतता. एप्रिल-मे म्हणजे तसाही उशीरच, कारण ऑक्टोबरच्या विंटर सेमिस्टरला बऱ्याच ठिकाणी 15 जुलै शेवटची तारीख असते आणि काही कोर्स तर मार्च-मेमध्येच बंद होतात. सुरुवात आदल्या दिवाळीला करा.

नावाचं आधी सांगतो, कारण माझे सगळ्यात जास्त दिवस त्यातच गेले. मुंबई युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर आईचं नाव नावात येत नाही, आडनाव वेगळ्या रकान्यात. वर माझ्या बारावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावात एक 'एच' जास्तीचा, जो दहा वर्षं कुणाला दिसला नव्हता. तर अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकायचं, फरक असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असं नोटरीकडून ऍफिडेव्हिट करून ठेवायचं, आणि पासपोर्ट अजून काढलाच नसेल तर नशीबवान आहात, डिग्रीचं स्पेलिंग समोर ठेवूनच फॉर्म भरा.

मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा युनिव्हर्सिटीने दिलेला एकत्र दाखला. मुंबई युनिव्हर्सिटीवाल्यांना कलिना, बाटूवाल्यांना (बाबासाहेब आंबेडकर टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) लोणेरे. ऑनलाईन अर्ज केला तरी काहीतरी अडकतं आणि एक फेरी होतेच, तेव्हा कलिनावाल्यांनी तुतारी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी दादर, कामं उरकून रात्री परत, आणि जाताना सगळ्या मार्कशीटच्या ओरिजिनल न्या, एटीकेटीच्या (नापास होऊन परत दिलेल्या विषयांच्या) सुद्धा. ती लपवायची नसते, तिकडे प्रत्येक अटेम्प्ट बघतात.

मार्कांचं गणित घरीच करून बघा. जर्मनीत 1 म्हणजे भारी आणि 4 म्हणजे कसाबसा पास. 10 मधून आपला सीजीपीए वजा करा, त्याला 6 ने भागा (10 वजा पासिंगचे 4), 3 ने गुणा आणि 1 मिळवा. 8 असेल तर 2.0 येतो, 7 ला 2.5. बरेच कोर्स 2.5 पर्यंतच घेतात, त्यामुळे सातच्या खाली असाल तर नुसती मोठी नावं बघून फी घालवू नका. युनि-असिस्टला (बऱ्याच जर्मन युनिव्हर्सिटींचे अर्ज तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाचे 75 युरो आणि त्याच सेमिस्टरला पुढच्या प्रत्येकाचे 30, म्हणजे सहा अर्जांचे 225. शिवाय एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, ते नोव्हेंबर 2022 पासून आपल्याला व्हिसासाठी कंपल्सरी आहे, फी 18,000 रुपये. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, तिचा स्कोअर दोन वर्षं चालतो, ती लवकर देऊन टाका.

एलओआर, म्हणजे सरांचं शिफारसपत्र, मागायला गेलात की सर म्हणणार "तूच लिहून आण, मी सही करतो." लिहा, पण दोन सरांची दोन पत्रं एकाच साच्यातली नकोत, आणि मेल आयडी शक्यतो कॉलेजचा घ्या, जीमेलचा नको. एसओपीत, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या आपल्या पत्रात, "लहानपणापासून मला मशीनची आवड" असलं काही नको. माझ्या एका भावाने काकाच्या काजू फॅक्टरीतला ड्रायर एका बाजूचे गर जाळतो आणि दुसऱ्या बाजूचे ओले ठेवतो, त्यावर त्याने काय काय करून बघितलं एवढंच लिहिलं. ऍडमिशन मिळाली.

आता पैसे. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र सेमिस्टरला 1,500 युरो), पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (वर्षभराच्या खर्चाचं, दर महिन्याला ठरावीक पैसे सोडणारं खातं) 11,904 युरो आधी भरून दाखवावे लागतात, सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा हा, त्यातले महिन्याला 992 आपल्याला मिळतात. युरो 100 रुपयाला धरला तर जवळजवळ 12 लाख. त्यासाठी बँकेचं लोन काढायला गेलं की आपल्याकडे गंमत होते. घरी आंब्याची दोनशे कलमं असतात, पण शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही म्हणून आयटीआर भरलेला नसतो, आणि बँक पहिला तोच मागते. बाग तारण ठेवतो म्हटलं तर सातबाऱ्यावर आजोबांपासून सतरा नावं, त्यातली निम्मी मुंबईत. सगळ्यांनी सह्या दिल्या तरी बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत, कारण बँकेच्या थकबाकी वसुलीच्या सरफेसी कायद्याने ती जप्त करता येत नाही. माझे बाबा मॅनेजरसमोर म्हणाले होते, "बाग माझी, कलमा माझी, मगे बँकेक काय झाला?" शेवटी मामाचा डोंबिवलीचा फ्लॅट कामी आला. तर एनए प्लॉट, फ्लॅट, एफडी किंवा पगारदार को-ऍप्लिकंट कोण होऊ शकतो हे दिवाळीतच घरात विचारून घ्या, आणि बाबांना आत्तापासून आयटीआर भरायला लावा. एजंटकडे जायची गरज नाही, मी एकाला पंचवीस हजार दिले आणि फॉर्म शेवटी मीच भरले.

फॉर्म शेवटच्या रात्री भरू नका, जुलैचा पाऊस असतो, एक फांदी पडली की लाईट आणि नेट दोन्ही गेलं.

ऍडमिशन आल्यावर व्हिसाची फाईल लगेच टाका. आणि गणपतीनंतर निघणार असाल तर मुंबईपर्यंतचं ट्रेनचं रिझर्वेशन 60 दिवस आधी, ज्या सकाळी उघडेल त्याच सकाळी काढा. फ्रँकफर्टचं तिकीट नंतरही मिळेल, कोकणकन्येचं नाही.