‘क्रिप्टोमुळे युद्धे थांबतील’ हा दावा कसा तपासावा

क्रिप्टोचलन, म्हणजे बिटकॉइनसारखा कोणत्याही सरकारने न काढलेला डिजिटल पैसा, रूढ झाले की सरकारांची नोटा छापण्याची सोय जाईल आणि पैशाअभावी युद्धेही थांबतील, असे आग्रहाने मांडणारे आता पुष्कळ भेटतात. हा दावा भाबडा म्हणून उडवून लावू नये, कारण त्याचा काही भाग इतिहासाला धरून आहे. तो भाग नेमका कोणता, हे मात्र पुढील रीतीने तपासून घ्यावे.

प्रथम, युद्धाचा खर्च सरकार कोठून काढते ते पाहावे. कर लावला की लोक कुरकुरतात, कर्ज मागितले तर ते नाकारू शकतात. नोटा वाढवल्या की मात्र कोणालाही न विचारता तो भार महागाईच्या रूपाने घरोघर पोहोचतो. क्रिप्टोचा दावा या तिसऱ्या वाटेपुरताच आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी बराच गोंधळ निवळतो.

मग एखादे प्रकरण जवळून पाहावे. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटनने ३५ कोटी पौंडांचे युद्धकर्ज काढले, पण जनतेकडून जेमतेम ९ कोटी १० लाख पौंड आले. तूट बँक ऑफ इंग्लंडने गुपचूप भरून काढली, तीही आपल्या मुख्य रोखपालाच्या आणि त्याच्या दुय्यमाच्या वैयक्तिक नावांवर रोखे घेऊन; वृत्तपत्रात मात्र मागितल्यापेक्षा अधिक रक्कम जमल्याचे छापून आले. लोकांनी आखडता घेतलेला हात मध्यवर्ती बँकेने असा झाकला. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या येथील खरेदीपोटी लंडनमध्ये स्टर्लिंग (ब्रिटिश पौंड) जमा होत गेले आणि त्याच्या आधारावर रिझर्व्ह बँकेने नोटा काढल्या. १९३९ ते १९४५ या काळात चलनातील नोटा सुमारे सहा पटींनी वाढल्या आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच महागाईत पडला. दाव्याचा खरा भाग तो हा.

यानंतरचा प्रश्न अवघड आहे: न छापता येणाऱ्या पैशाने ती सरकारे अडली असती का? बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाही हे खरे, पण सोनेही छापता येत नव्हते. जर्मनीने ऑगस्ट १९१४ मध्येच नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले. दाराला कडी होती, पण ती काढणारा हात सरकारचाच होता. येथे क्रिप्टोची एक बाजू जमेची धरावी, कारण क्रिप्टो खाते उघडणारे चोवीस शब्द किल्लीसारखे पाठ करून माणूस आपल्या पुंजीसह सीमा ओलांडू शकतो, सोन्याच्या नाण्यांचे तसे नाही. तरीही पळणाऱ्याची बचत वाचणे आणि सैन्याची रसद तुटणे या गोष्टी एक समजू नयेत. कागदी पैसा नव्हता तेव्हाही मोहिमा चालतच होत्या. थोरल्या बाजीरावांच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याची तक्रार आढळते, पण त्या तगाद्याने त्यांचे घोडे अडले नाही.

क्रिप्टो लढणाऱ्या सरकारांच्या हाती पैसा देऊही शकते, ही जमाखर्चाची दुसरी बाजूही मांडावी. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या सरकारनेच क्रिप्टोत देणग्या मागितल्या. पुढच्याच महिन्यात रोनिन या क्रिप्टो-व्यवहारांच्या नेटवर्कवरून ६० कोटी डॉलरहून अधिक क्रिप्टो चोरीला गेले आणि अमेरिकेच्या एफबीआयने त्याचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला.

सत्तेच्या मर्यादेबद्दल बोलताना रुपयाचे क्रिप्टो कोठे होते, ते दार शोधावे. भारतात ते बहुधा बँक खाते आणि केवायसी यांतूनच उघडते, आणि २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर व व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे.

शेवटी एल साल्वादोरचे उदाहरण अवश्य पाहावे. या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले, तेही व्यापाऱ्यांनी ते स्वीकारलेच पाहिजे अशा सक्तीच्या कायद्याने. २००१ पासून तेथे अमेरिकी डॉलरच चालत असल्यामुळे सरकारकडे स्वतःचा छापखाना मुळात नव्हताच. मार्च २०२२ मध्ये तेथे टोळ्यांविरुद्ध आणीबाणी जाहीर झाली. तिची मुदत दर महिन्याला वाढत गेली आणि हजारो माणसे वॉरंटाशिवाय तुरुंगात गेली. म्हणजे छापखाना नसला आणि बिटकॉइन असले, तरी सत्तेचा हात अडला नाही.